टँकरवाल्यांचे डोळे

क्षितिजाने आपली माणसं पहिल्यांदा माझ्यासमोर मांडली तेव्हा मी चष्मा काढून पुसला. राखाडी प्लॅस्टिकची, बोटाच्या पेराएवढी, आठ माणसं. कुणाच्या हातात बंदूक, कुणाच्या हातात भाला. माझी नात आठवीत आहे. म्हणाली, "आबा, यांच्या कोळणी करायच्यात."

मी म्हटलं, "याला मिशा आहेत."

"मिशा तासायच्या."

मी चौतीस वर्षं परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवली. आषाढ लागला की शाळा सुटल्यावर लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसायचो. तिथे माझं काम एकच होतं, आखणी. म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हात माझा अजून थरथरत नाही. पण मूर्तीचा डोळा निदान पेराएवढा तरी असतो, इथे अख्खा माणूस तेवढा होता.

हा खेळ हितेंद्रचा. हितेंद्र म्हणजे माझा जावई, होता. ठाकूरद्वारच्या जुन्या घरातला, बोलायला गोड. माझी मुलगी अनुजा आणि तो वेगळे झाले त्याला तीन वर्षं झाली. अनुजा मुलीला घेऊन लालबागला माझ्याकडे आली, तो आईजवळ राहिला. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी क्षितिजा बापाबरोबर, असं ठरलं. सुरुवातीला दोघं हॉटेलात बसून डोसा खायचे आणि खाऊन झाल्यावर काय बोलायचं ते दोघांनाही कळायचं नाही. ती अकराला गेलेली बाराला परत यायची. मग हितेंद्र तिला दादरला, हिंदू कॉलनीतल्या एका क्लासच्या खोलीत घेऊन गेला. रविवारी तिथे क्लास नसतो. सिद्धांत नावाचा एक तरुण बाकं जोडून त्यांच्यावर मोडकी मुंबई मांडतो.

जग बुडालंय, समुद्र परळपर्यंत आलाय, प्यायचं पाणी संपलंय आणि उरलेली माणसं टोळ्या करून भांडताहेत, असा तो खेळ. प्रत्येकाची एक टोळी. फासे टाकायचे आणि पट्टीने मोजून माणसं पुढे सरकवायची. एका बैठकीत खेळ संपत नाही. वर्षभरात दहा लढाया, सगळी मिळून एक मोहीम. एका लढाईत मेलेला माणूस पुढच्या लढाईत परत येत नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस करावा लागतो. पहिली लढाई गेल्या जूनमध्ये झाली. दहावी, शेवटची, फेब्रुवारीच्या चौथ्या रविवारी होणार होती.

क्षितिजाची टोळी शीव कोळीवाड्यातल्या कोळणींची आणि हितेंद्रची टँकरवाल्यांची. पाणी त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याच्या मागे.

गॅलरीत माझं जुनं टेबल आहे. तिथे दुपारी चारनंतर चांगला उजेड येतो. शाळेतून आली की ती कटर आणि माणसं घेऊन बसायची. मी तिला कापायला शिकवलं. जोर लावायचा नाही, पातं पुन्हा पुन्हा त्याच रेघेवरून न्यायचं. भाला काढला, त्या जागी डब्याच्या पत्र्याचा कोयता केला. हात चिकटवण्याआधी दोन्हीकडे सुईने भोक पाडून आत तारेचा तुकडा घातला, म्हणजे सांधा धरतो. लुगडी एम-सीलची. एम-सील मळून, पाण्याचं बोट लावून पातळ पसरायचं आणि टाचणीने चुण्या पाडायच्या. पहिल्या कोळणीचा कासोटा तिला चार वेळा करावा लागला. मी छान म्हटलं नाही. शिकवताना मी एवढं एक पाळत आलोय, बरं झालं नसेल तर छान म्हणायचं नाही. पोरांना ते कळतं. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा तिने मला पेढा मिळाल्यासारखी टाळी दिली.

तिनेही मला शिकवलं. मी सवयीने कारखान्यातला थिनर आणायला निघालो तर ती दारात आडवी उभी राहिली. "आबा, हे प्लॅस्टिक आहे. थिनर लावलास तर माझ्या कोळणी लोणी होतील." मग एका खराब झालेल्या सैनिकावर थेंब टाकून तिने मला दाखवलं. तो खरंच लोण्यासारखा बसला. मी कान पकडले.

गणपती झाले आणि हितेंद्रने तिच्या हातात बुटांचा एक खोका दिला. त्यात त्याचे आठ टँकरवाले होते, रंग न लावलेले, आणि एक खेळण्यातला ट्रक. शेवटच्या लढाईत न रंगवलेली माणसं चालत नाहीत, असा सिद्धांतचा नियम होता. हितेंद्र तिला म्हणाला होता, आबा आर्टिस्ट आहेत, दोघं मिळून रंगवा, शेवटच्या लढाईला मी यांनाच घेऊन उतरणार.

त्यानंतर तो कमी येऊ लागला. नोव्हेंबरमध्ये एकदाच आला. ऑफिसचा दौरा असायचा, कधी आईची तब्येत. क्षितिजाने तक्रार केली नाही. एकदाच अनुजाला म्हणाली, "शेवटच्या लढाईला पप्पा येणारच. त्याची माणसं माझ्याकडे आहेत." एखादा त्याची छत्री आपल्याकडे विसरला की तो येणार हे जसं आपण धरून चालतो, तसं ती बोलली.

आणि ती त्या खोक्यामागे लागली. माझ्या साखरेच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीची टाकी केली, ती ट्रकवर बसवली. विटेची पूड गोंदात कालवून टाकीला गंज चढवला. टँकरवाल्यांच्या नाकातोंडावर एम-सीलची फडकी बांधली, बुडालेल्या जगात धूळ फार म्हणून. त्यामुळे प्रत्येक चेहऱ्यात उघडी अशी डोळ्यांची पट्टीच तेवढी राहिली. त्यांच्या म्होरक्याला तिने पोट लावलं.

मी म्हटलं, "तुझ्या बापाचं पोट एवढं नाही गं."

"तू बघितलंच नाहीस. दिवाळीनंतर वाढलंय."

डिसेंबरच्या शेवटी एका सकाळी अनुजाला हितेंद्रचा फोन आला. तिने तो गॅलरीत जाऊन घेतला. आत आली आणि पोळीचा तवा उतरवून माझ्यासमोर बसली. हितेंद्रने दुसरं लग्न केलं होतं. बायकोची नोकरी मस्कतला, त्यालाही तिथे मिळाली, एकोणतीस तारखेचं विमान होतं. मुलीला सांगू नका, तिथे स्थिर झालो की मीच व्हिडिओवर नीट सांगेन, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं की जाण्याआधी भेटायला येणार आहे का. अनुजाने नाही अशी मान हलवली.

ती एका लॅबमध्ये काम करते. रोज लोकांच्या हातात रिपोर्ट देते, चांगले आणि वाईट. ती मला म्हणाली, "अण्णा, फेब्रुवारीत तिची स्कॉलरशिपची परीक्षा आहे. ती होऊ दे. मग सांगू." मला ते पटलं. परीक्षा दुसऱ्या रविवारी होती, लढाई चौथ्या. मध्ये चौदा दिवस होते.

जानेवारीभर आम्ही टँकरवाले रंगवत होतो. मी शिकवत होतो आणि ती शिकत होती. आधी काळपट अस्तर, मग कपड्यांचे रंग, मग पातळ तपकिरी पाणी सोडून घड्यांत मळ बसवायचा, शेवटी कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या. तिचा हात माझ्यापेक्षा बरा चालू लागला होता. मी तसं बोललोही, कारण ते खरं होतं. ज्या माणसासाठी ती हे सगळं करत होती तो कुठे आहे ते मला माहीत होतं, आणि मी तिला सांगत होतो की ब्रश आडवा धर. तिने मेसेज केला की त्याचं उत्तर यायचं, हो बाळा. तेवढंच.

परीक्षा झाली. अनुजा म्हणाली, तुम्ही सांगा, तुमचं ती ऐकते. मी म्हटलं आई तू आहेस. असे चार दिवस गेले, मग आणखी चार.

माणसं तयार होती. फक्त डोळे राहिले होते.

कारखान्यात आमची एक रीत होती. प्रत्येक मूर्तीच्या पाटाला ज्याने ती सांगितली त्याच्या नावाची चिठ्ठी असायची. सगळी मूर्ती रंगवून ठेवायची, पण माणूस येऊन नक्की सांगून गेला नाही तोवर डोळे आखायचे नाहीत. डोळे आखले की मूर्ती बघायला लागते. मग तिला न्यायला कुणी आलं नाही तर तिच्यासमोरून ये-जा करणं जड जातं. चतुर्थीपर्यंत ज्याचा माणूस फिरकला नाही ती मूर्ती तशीच, डोळ्यांवाचून, कापडात बांधून माळ्यावर जायची. क्षितिजा लहान असताना माझ्याबरोबर कारखान्यात यायची. माळ्यावरच्या त्या गाठोड्यांबद्दल तिने विचारलं होतं आणि मी तिला हे सगळं नीट सांगितलं होतं. मुलांनी विचारलं की मी सांगतो.

आता टँकरवाल्यांचे डोळे आखायला माझा हात उचलत नव्हता. मी कारणं काढत होतो. अजून ओलं आहे. आज उजेड मंद आहे. माझा चष्मा बदलायला झालाय. तिच्या कोळणींचे डोळे आम्ही रंग वाळला त्याच दिवशी काढले होते.

लढाईच्या आधीच्या गुरुवारी, चारच्या सुमारास, तिने आठही टँकरवाले टेबलावर रांगेत उभे केले. नाकाखाली फडकं, वर डोळ्यांच्या जागी कोरी पट्टी. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबा, ज्याचा माणूस येणार नाही, त्याचे डोळे तू काढत नाहीस."

मी रंगाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"पप्पा येणार नाहीये ना?"

तिने इतकं सोपं करून दिलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची ती सूचनेची धून वाजत राहिली. ती थांबेपर्यंत मी वाट पाहिली. मग मी हात पुढे केला.

"ट्रिपल झीरोचा ब्रश दे," मी म्हटलं. "उजेड चांगला आहे आज."

मी आठ जणांचे सोळा डोळे आखले. आधी गडद रेघ, तिच्यात पांढऱ्याचे दोन कण, मग प्रत्येकात काळा ठिपका. ठिपका मधोमध टाकला तर माणूस घाबरलेला दिसतो, म्हणून किंचित बाजूला. श्वास रोखून. आयुष्यात मी इतके बारीक आणि इतके चांगले डोळे आखले नव्हते. पोटवाल्या म्होरक्याला मी जरा हसरे डोळे दिले. पहिल्या दोघांपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत होती, मग माझ्या तोंडाकडे बघू लागली. शेवटचा झाला तेव्हा तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठा श्वास सोडला.

तोंडाने मी खोटं बोललो नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी अनुजा आली. पर्स खांद्यालाच होती, तोवर क्षितिजाने म्होरक्या तिच्या तळहातावर ठेवला. "बघ आई, आबाने डोळे काढले." अनुजा याच घरात वाढलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. मुलगी खाली शेजारी दाखवायला गेल्यावर ती म्हणाली, "अण्णा, आज मी सांगणार होते. रस्ताभर ठरवत आले काय बोलायचं ते."

"मग सांग."

"आता कसं सांगू? तुमच्यापुढे माझं खरं मानेल ती?"

तिने हितेंद्रला मेसेज केला की निदान मुलीला फोन कर. त्याने तो वाचला, एवढं मोबाइलवर दिसलं.

रविवारी मी क्षितिजाला घेऊन दादरला गेलो. बसमध्ये कोळणींचा आणि टँकरवाल्यांचा असे दोन्ही खोके तिच्या मांडीवर होते आणि दोन्ही हात खोक्यांवर. क्लासच्या खोलीत सिद्धांतने बाकं जोडून ठेवली होती. त्यांवर थर्माकोलच्या मोडक्या गिरण्या, वाकलेलं धुराडं, निळ्या कागदाचा समुद्र. आणखी दोन खेळाडू होते. क्षितिजाने कोळणी आपल्या बाजूला मांडल्या, मग पलीकडे जाऊन टँकर आणि आठ माणसं बापाच्या बाजूला मांडली. सिद्धांत वाकून बघत राहिला. "काका, हे डोळे कसले भारी झालेत," तो म्हणाला. मी खिडकीकडे पाहिलं.

लढाई अकराची होती. सव्वाअकराला तिने मेसेज केला. साडेअकराला सिद्धांतने हळूच म्हटलं की सुरू करूया का, हितेंद्र सर आले की त्यांचा डाव त्यांना देऊ. ती म्हणाली पाच मिनिटं. मग पुन्हा पाच मिनिटं. दुसऱ्या दोघांनी आपल्या माणसांच्या जागा उगाच बदलल्या. बाराला मी तिला बाहेर जिन्यावर बोलावलं आणि पायरीवर बसवलं.

मी सगळं सांगितलं. तिने मध्ये तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "आईला माहितीये?"

"हो."

"तुला?"

"मलाही."

"डोळे काढलेस तेव्हा?"

"तेव्हाही."

ती आपल्या चपलेच्या पट्ट्याकडे बघत होती. "मग कशाला काढलेस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"वाटलं," ती म्हणाली.

आणि उठून आत गेली. मला वाटलं खोके भरेल आणि घरी चला म्हणेल. तिने सिद्धांतला सांगितलं की टँकरवाले तू खेळ. मग तिने लढाई सुरू केली.

ती फार जपून खेळणारी मुलगी. नऊ लढायांत तिच्या फक्त दोन कोळणी मेल्या होत्या, आणि त्या दोघींच्या जागी नवीन करताना ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. त्या दिवशी तिने एकीलाही भिंतीच्या आडोशाला ठेवलं नाही. समुद्राच्या कडेने उघड्यावरून, सरळ टँकरच्या तोंडावर, एकीमागून एक पाठवली. सिद्धांतला कळलं. तो पट्टी न लावताच म्हणाला, "ही रेंजमध्ये येत नाही बहुतेक."

तिने पट्टी घेऊन स्वतः मोजलं. "येते. टाक फासे."

"एक डाव थांबलीस तर मागे घेता येईल तिला."

"टाक."

त्याने फासे टाकले. मेलेल्या माणसाला खेळात आडवं करतात. तिने प्रत्येकीला आपल्या हाताने आडवं केलं. जिचा कासोटा चार वेळा केला होता ती शेवटून दुसरी पडली. दीड वाजेपर्यंत टेबलावर तिचं कुणी उरलं नव्हतं. तिने सगळ्यांचे हात हातात घेऊन हलवले, तसा तिथे रिवाज आहे. दोन्ही खोके तिने सिद्धांतकडेच ठेवले. परतताना ती बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

मार्चमध्ये हितेंद्रचा व्हिडिओ आला. मला वाटलं आता तरी ती रडेल, ओरडेल, त्याला काहीतरी बोलेल. ती नीट बोलली. त्याची नवी खोली पाहिली, खिडकीतून दिसणारे डोंगर पाहिले. त्याने विचारलं, शेवटच्या लढाईत कोण जिंकलं. "तू," ती म्हणाली. तो हसला, तीही थोडी हसली. आई आणि ती महिनाभर भांडल्या आणि मग एका दुपारी दोघी माळ्यावरच्या गाद्या झाडता झाडता पुन्हा बोलायला लागल्या. त्यांचं ठीक आहे.

माझ्याशी ती भांडली नाही. पाणी विचारते, औषध घेतलं का विचारते. गॅलरीतल्या टेबलावर बसत नाही. एकदा मी नवा ब्रश आणला आणि म्हटलं, ये, सोनेरी रंगाचं काम राहिलंय तुझं शिकायचं. ती म्हणाली, "नको आबा, तू कर." शाळेत चौतीस वर्षांत कितीतरी पोरं रुसून गेली. त्यांना परत कसं आणायचं ते मला ठाऊक होतं. चूक त्यांची असायची किंवा रंगाची, म्हणून.

परवा ती शाळेला निघाली होती. केस विंचरता विंचरता तिने मला विचारलं, "आबा, किती वाजले?"

मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून म्हटलं, "पावणेसात."

"बरं," ती म्हणाली. मग आत जाऊन तिने आईचा मोबाइल उघडून पाहिला, आणि मगच दप्तर उचललं.